पोटॅशियम डायक्रोमेट : प्रयोगशाळेतील नारिंगी पावडर, तिचे धोके आणि तुमचे हक्क

आयटीआयमधून प्रयोगशाळा सहायक (केमिकल प्लांट) हा ट्रेड केलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल, किंवा तुम्ही स्वतः कंत्राटदाराकडून एखाद्या तपासणी प्रयोगशाळेत काम करत असाल, तर नारिंगी-तांबड्या रंगाची एक स्फटिकी पावडर तुम्ही पाहिलेली असेल. बाटलीवर 'पोटॅशियम डायक्रोमेट' असे लिहिलेले असते. दिसायला ती सुंदर असते. तिला वास नसतो, हातावर पडली तर लगेच भाजतही नाही. म्हणूनच तिची भीती लवकर मोडते आणि नुकसान तिथूनच सुरू होते.

ही माहिती सेक्टर ६ आणि भिलाईच्या इतर सेक्टरांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी तयार केली आहे. शिकाऊ उमेदवार, कंत्राटी कामगार आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळा सांभाळणारे कर्मचारी या तिघांना ती उपयोगी पडेल. आधी पावडरीविषयी, नंतर योजना आणि कायद्यांविषयी सांगितले आहे. घाई असेल तरी पहिला भाग सोडू नका, कारण भरपाई मिळते की नाही हे बरेचदा पहिल्या महिन्यात काय केले यावर ठरते.

ही पावडर भिलाईत कशाला लागते?

भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. भट्टीला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येते. खनिजात लोखंड किती टक्के आहे हे कळल्याशिवाय भट्टीचा हिशेब बसत नाही. ते मोजण्याची जुनी आणि विश्वासाची रीत म्हणजे डायक्रोमेटचे अनुमापन. खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे, त्यातले लोखंड स्टॅनस क्लोराइडने फेरस अवस्थेत आणायचे आणि ब्युरेटमधून डायक्रोमेटचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. सूचक जांभळा झाला की थांबायचे. ०.१ नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलीटर म्हणजे ५.५८५ मिलिग्रॅम लोखंड, असा सरळ हिशेब आहे.

आज मोठ्या प्रयोगशाळांत क्ष-किरणांवर चालणारी यंत्रे हेच काम काही मिनिटांत करतात. तरीही अनुमापनाची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांत कायम आहे, लहान प्रयोगशाळांना परवडते आणि बीएस्सीच्या वर्गात शिकवली जाते. सांडपाण्यातील रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सीओडी, मोजायलाही हेच रसायन लागते. शाळेत बारावीच्या क्षार-विश्लेषणात डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद वायू ओळखण्यासाठी वापरतात. थोडक्यात, बाटली लहान असली तरी ती पुष्कळ ठिकाणी असते.

ती घातक का आहे?

स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात क्रोमियम असते आणि आपण त्यात रोज जेवतो. मग डायक्रोमेटचाच एवढा बाऊ का? कारण क्रोमियमच्या अवस्था वेगळ्या आहेत. भांड्यातले क्रोमियम धातुरूप असते आणि पृष्ठभागावर घट्ट बसलेले असते. डायक्रोमेटमधले क्रोमियम सहा-संयुजी असते. शरीरातल्या पेशी सल्फेट आत घेतात. सहा-संयुजी क्रोमियमचा आयन सल्फेटसारखा दिसतो, त्यामुळे पेशी त्यालाही त्याच दाराने आत घेतात. आत गेल्यावर तो तीन-संयुजी होतो आणि त्या प्रक्रियेत पेशीच्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहा-संयुजी क्रोमियमच्या संयुगांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. धोका मुख्यतः फुप्फुसांना आहे.

कर्करोग वर्षानुवर्षांनी येतो. त्याच्या कितीतरी आधी त्वचा आणि नाक बोलू लागतात. बोटांच्या सांध्यांवर, नखाच्या मुळाशी किंवा मनगटावर एखादा बारीक ओरखडा असेल आणि तिथे पावडर किंवा द्रावण लागले, तर काही दिवसांत कडा उचललेला, गोल, खोल व्रण होतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या कामगारांच्या हातावरचे असे व्रण विल्यम कमिन या डॉक्टरांनी १८२७ सालीच नोंदवले होते, म्हणजे हा आजार नवा नाही. या व्रणाची फसवी गोष्ट अशी की तो फारसा दुखत नाही. नाकातही तसेच होते. पावडरीची धूळ किंवा द्रावणाचा तुषार रोज नाकात गेला की दोन नाकपुड्यांमधला पडदा हळूहळू झिजतो आणि त्याला भोक पडते. खपल्या येतात, नाकातून थोडे रक्त येते, कधी श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो. अनेकांना भोक पडल्याचे तपासणीतच कळते.

तिसरा त्रास ॲलर्जीचा आहे. एकदा त्वचा क्रोमेटला संवेदनशील झाली की ती सहसा कायमची तशी राहते. मग थोडासा स्पर्शही खाज, पुरळ आणि भेगा आणतो. सिमेंटमध्येही क्रोमेटचा अंश असतो. बांधकामावरच्या मिस्त्रींच्या हाताला होणारी चिवट खाज पुष्कळदा यामुळेच असते. काही जणांना दमाही सुरू होतो. पावडर पोटात गेली तर काही ग्रॅमही जीवघेणे ठरतात, आधी मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ लागते.

हवेतल्या क्रोमेटसाठी कारखाना कायद्याच्या अनुसूचीत क्रोमियमच्या हिशेबाने दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली घ्या. त्या खोलीभर सारखी पसरलेली जेमतेम साडेआठ मिलिग्रॅम पावडर ही मर्यादा गाठते. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरते.

वजन करताना काय सांभाळायचे?

सर्वांत जास्त धूळ वजन करताना उडते. एक लिटर ०.१ नॉर्मल द्रावणाला ४.९०३ ग्रॅम पावडर लागते, आणि ती आधी १४० ते १५० अंश सेल्सिअसवर वाळवलेली असावी लागते. वाळलेली, बारीक कुटलेली पावडर म्हणजे उडायला तयार पावडर. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत छताचा पंखा सुरू असतो. उन्हाळ्यात भिलाईत पंखा बंद करा असे सांगणाऱ्याकडे कोण कसे पाहील हे माहीत आहे, तरीही तराजूजवळचा पंखा आणि कूलर त्या दहा मिनिटांपुरता बंदच करा. धुराडी कपाट असेल तर काम त्यात करा. पावडर कागदावर घेऊन ओतू नका. झाकणाची वजन-बाटली वापरा आणि बाटलीतून थेट पाण्याने धुऊन मोजपात्रात घ्या. एकदा पावडर ओली झाली की उडण्याचा प्रश्न संपतो.

यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे पावडर न हाताळणेच. प्रमाणित तीव्रतेचे तयार द्रावण बाजारात मिळते. महिन्याला दोन-तीन लिटरच लागत असेल तर प्रयोगशाळा प्रमुखांकडे त्याची मागणी लेखी नोंदवा. थोडे महाग पडते, हे खरे.

हातमोजे नायट्राइलचे हवेत. चामड्याचे किंवा कापडी मोजे क्रोमेट शोषतात आणि तेच दिवसभर त्वचेला लावून ठेवतात. बाजूने बंद असलेला चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा ॲप्रन आवश्यक आहे. ॲप्रन घरी धुवायला आणू नका. हातावर ओरखडा असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या. पिपेटमध्ये द्रावण तोंडाने ओढण्याची सवय काही जुन्या प्रयोगशाळांत अजून आहे. रबरी फुगा पन्नास-शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, त्यामुळे या सवयीला कोणतीही सबब नाही.

डायक्रोमेट प्रबळ ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ते स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जळायला जोर देते. बाटली स्पिरिट, ॲसिटोन, गंधक, लाकडाचा भुसा यांच्या शेजारी ठेवू नका. सांडलेली पावडर झाडूने झाडू नका आणि भुशाने टिपू नका. ओल्या टिश्यूने टिपून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात भरा आणि डब्यावर नाव लिहा.

काचेची भांडी धुण्यासाठी डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण करण्याची पद्धत तुम्हाला कोणी शिकवली असेल. ती सोडून द्या. चांगला प्रयोगशाळेचा साबण बहुतेक सर्व कामे करतो. त्या मिश्रणाचा एक शिंतोडा आम्लाची भाजणूक आणि क्रोमियमची विषबाधा दोन्ही एकदम देतो.

उरलेले द्रावण कुठे टाकायचे?

बेसिनमध्ये टाकायचे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. ब्युरेटमध्ये उरलेले ५० मिलिलीटर ०.१ नॉर्मल द्रावण गटारात गेले, तर त्यातले क्रोमियम ही मर्यादा ओलांडायला सुमारे १,७०० लिटर स्वच्छ पाण्याला पुरते.

योग्य रीत अशी आहे. द्रावण आम्लधर्मी, म्हणजे सामू ३ च्या खाली ठेवून त्यात फेरस सल्फेट घालायचे. नारिंगी रंग जाऊन हिरवट झाला म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजी झाले. मग चुना किंवा सोडा घालून सामू ८ ते ९ वर आणला की क्रोमियम गाळ होऊन खाली बसते. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. गाळ घातक कचऱ्याच्या डब्यात जातो आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तो अधिकृत संस्थेकडेच द्यावा लागतो. साधारणतः ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही. लोहखनिजाच्या जुन्या पद्धतीत जादा स्टॅनस क्लोराइड घालवायला मर्क्युरिक क्लोराइड घालतात. त्यामुळे त्या द्रावणात पाराही असतो आणि ते वेगळ्या डब्यात ठेवावे लागते. सीओडीच्या चाचणीचे उरलेले द्रावणही त्यातच. पारा न लागणारी टायटॅनियम क्लोराइडची पद्धतही मानकांत आहे. नव्याने प्रयोगशाळा लावणाऱ्यांनी तीच निवडावी.

शिकाऊ उमेदवार असाल तर

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. या योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते आणि ही रक्कम आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होते. बहुतेकांना योजनेची एवढीच बाजू माहीत असते. पण शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ यात दोन कलमे तुमच्या जिवाशी संबंधित आहेत. कलम १४ सांगते की कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी कामगाराप्रमाणेच लागू होतात. कलम १६ सांगते की प्रशिक्षणाच्या ओघात झालेल्या अपघाती इजेची भरपाई मालकाने द्यायची. 'तू तर शिकाऊ आहेस, तुला मोजे कशाला' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

तुमचा करार राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदलेला आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. करार नोंदलेला नसेल तर तुम्ही शिकाऊ उमेदवार आहात हेच सिद्ध करणे अवघड जाते. वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो, आणि त्यांचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते.

कंत्राटी किंवा नियमित कामगार असाल तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कारखाना कायदा, १९४८ हा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला, तर कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत. नावे बदलली तरी खालील मूळ हक्क कायम आहेत.

एकात्मिक लोह-पोलाद उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. अशा ठिकाणी कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर किमान दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करणे आणि तुमच्या आरोग्याची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ही नोंद पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. क्रोमेटवर काम करत असाल तर तपासणीत हात आणि नाकाचा पडदा बघितला का, हे विचारा. नुसता रक्तदाब मोजून शिक्का मारणे या कामासाठी पुरेसे नाही. रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा.

क्रोमियममुळे होणारे आजार कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग 'ब' मध्ये आहेत. भाग 'ब' चा अर्थ नीट समजून घ्या. त्या कामावर सलग किमान सहा महिने असाल आणि त्या अनुसूचीतला आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. म्हणून ठेकेदार दर पाच महिन्यांनी कामावरून काढून पुन्हा घेतो, किंवा हजेरी दुसऱ्याच विभागात लावतो, तेव्हा तो फक्त पगाराचा प्रश्न नसतो.

ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे, त्यांच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामातली इजा किंवा व्यावसायिक रोग असेल तर कामावर जाता न येणाऱ्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो. यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. कायमचे अपंगत्व किती आले हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यानुसार मासिक रक्कम मिळते. तुमचा विमा क्रमांक कंत्राटदाराकडून मागून घ्या आणि वर्गणी खरेच जमा होते का हे अधूनमधून पाहा.

योजनेत नसलेल्या कामगारांना भरपाईचा दावा थेट मालकाविरुद्ध करता येतो. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ज्या दिवशी ती पहिल्यांदा आढळली तो दिवस धरला जातो. न दुखणाऱ्या व्रणाच्या आजारात ही तरतूद फार महत्त्वाची आहे.

आता पुराव्याबद्दल. एक साधी वही करा. कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या रसायनावर काम केले ते रोज एका ओळीत लिहा. हजेरीपत्रक, गेटपास आणि वेतनपावती यांचे फोटो काढून ठेवा. हातावर व्रण दिसला तर तारखेसह फोटो घ्या आणि डॉक्टरांना 'क्रोमेटवर काम करतो' हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते केसपेपरवर येईल. डॉक्टरला आजार कामाशी जोडता आला तरच पुढचा रस्ता उघडतो. क्रोमियमचा व्रण हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत आहे, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरनेही तो कारखाना निरीक्षण यंत्रणेला कळवायचा असतो. छत्तीसगडमध्ये ही यंत्रणा औद्योगिक आरोग्य व सुरक्षा विभागाकडे आहे. मालक ऐकत नसेल तर तक्रार तिथेच करावी.

सरकारी शाळेची प्रयोगशाळा असेल तर

समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक सरकारी शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक एकत्रित अनुदान मिळते. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १,००० पेक्षा जास्त असेल तर १ लाख रुपये, आणि मध्ये टप्पे आहेत. या अनुदानातून करता येणाऱ्या खर्चांत प्रयोगशाळेचा उल्लेख आहे. हातमोजे, चष्मे, पिपेटचे फुगे यासाठी वेगळ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालक म्हणून हा विषय मांडता येतो. विद्यार्थ्यांच्या हाती पावडर देऊच नये. शिक्षकांनी पातळ द्रावण तयार करून ठेवावे. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या, लेबल गेलेल्या नारिंगी बाटल्या असतील तर त्या फेकू नका, वेगळ्या काढून जिल्हा शिक्षण कार्यालयाला लेखी कळवा.

अपघात झाला तर

त्वचेवर सांडले तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवा आणि धुतल्यावर लगेच डॉक्टरकडे न्या. पोटात गेले तर उलटी करवू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. रुग्णासोबत बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो न्या. सेक्टर ६ मधून सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र जवळ पडते. विषबाधेबाबत डॉक्टरांना किंवा तुम्हाला सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या चौकशीसाठी क्रमांक १८०० ११ २५२६ आहे.